छात्रसेनेला गुण मिळाले, अभ्यासाचे काय?

राष्ट्रीय छात्रसेनेचे शिक्षण हा पदवी अभ्यासक्रमातील एक ऐच्छिक विषय मानावा आणि त्याचे श्रेयांक पदवीच्या हिशेबात धरावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली देशातील विद्यापीठांना सुचविले. तोवर छात्रसेना ही अभ्यासाबाहेरची गोष्ट होती. ठरल्या दिवशी पहाटे उठून खाकी गणवेश चढवावा, मैदानावर तास दोन तास संचलन करावे, नंतर मिळणारा अल्पोपाहार घ्यावा आणि घामेजल्या अंगाने वर्गात येऊन शेवटच्या बाकावर डुलक्या काढाव्यात, हा तिचा सर्वपरिचित परिपाठ. अशा विद्यार्थ्यांच्या कष्टांची विद्यापीठाच्या दप्तरी नोंद व्हावी, यात गैर काहीच नाही. गोव्यातील पदवीच्या वर्गांना नवे शैक्षणिक धोरण २०२३-२४ या वर्षापासून लागू झाले, तेव्हा हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. गुण द्यावेत की देऊ नयेत, हा वाद आम्ही घालू इच्छीत नाही. गुण द्यायचे ते कशाबद्दल, एवढेच आमचे विचारणे आहे. विद्यापीठाने ज्याला अभ्यासक्रम म्हटले, त्यात अभ्यास किती आणि कवाईत किती?

हे विचारण्याचे कारण या संघटनेच्या इतिहासातच आहे. ब्रिटिश अमदानीत १९१७ सालापासून आपल्या विद्यापीठांतून लष्करी शिक्षणाची पथके होती. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, त्या पथकांचे नामांतर 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर' असे झाले. नावात 'ऑफिसर्स' हा शब्द आला तो उगाच नव्हे. विद्यापीठातून शिपाई नव्हे, अधिकारी हवे होते. पुढे १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. चारित्र्य, बंधुभाव, सेवावृत्ती आणि नेतृत्व यांचा विकास व्हावा, तरुणांना देशाच्या संरक्षणात रस वाटावा, आणि राष्ट्रीय आणीबाणीच्या प्रसंगी सेनादलांचा झपाट्याने विस्तार करता यावा म्हणून संभाव्य अधिकाऱ्यांचा एक साठा तयार असावा, अशी तिची मूळ उद्दिष्टे होती. पुढे या उद्दिष्टांची फेरमांडणी झाली. साठ्याची भाषा मागे पडली, शिस्त आणि सेवा यांची राहिली. शिस्त आणि सेवा यांविषयी कोणाचेच दुमत असणार नाही. म्हणूनच कदाचित ती शिकवायची कशी, याचा विचार करण्याची तसदीही फारशी कोणी घेत नाही.

१९६२ च्या चिनी आक्रमणाने देश हादरला आणि १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. त्या सक्तीचे काय झाले, हे त्या पिढीतील कोणाही पदवीधरास विचारावे. मुलांची संख्या फुगली. शिकविणारे, बंदुका, मैदाने, तंबू त्या प्रमाणात वाढू शकले नाहीत. हजेरी हेच शिक्षण झाले आणि हजेरी चुकविणे ही कला झाली. अखेर १९६८ मध्ये सक्ती उठवावी लागली. सत्तरच्या दशकात नामवंत गणिती डॉ. ग. स. महाजनी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने छात्रसेनेच्या कार्याचे मूल्यमापन केले, तेव्हा ती सक्ती इतिहासजमा झाली होती. विशेष हे की, याच काळात आणीबाणीच्या कमिशनवर सैन्यात गेलेल्या शेकडो तरुणांनी महाविद्यालयाची बाके सोडून गणवेश चढविला होता. त्यांना कोणी सक्ती केलेली नव्हती. ओढ असलेला विद्यार्थी आणि ओढून आणलेला विद्यार्थी यांतील फरक त्या पाच वर्षांनी पुरता दाखवून दिला.

आज सक्ती नाही, परंतु श्रेयांकांचे आमिष आहे. अवघड विषय टाळून गुणांची बेगमी करण्याचा सोपा मार्ग म्हणून विद्यार्थी छात्रसेनेकडे वळू लागले, तर सक्तीच्या काळातील प्रहसनाचाच दुसरा अंक आपणांस पाहावा लागेल. फरक एवढाच की, त्या वेळी हजेरी चुकविली जात असे, आता ती पुरी भरली जाईल.

दुसरीकडे, सेनादलांची गरज काल्पनिक नाही. संसदीय समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये एकट्या भूदलात मंजूर संख्येपेक्षा आठ हजारांहून अधिक अधिकारी कमी होते. ही तूट आजची नाही, गेली कित्येक वर्षे ती कमीअधिक प्रमाणात चालत आली आहे. म्हणजे जेथे पाच-सहा अधिकारी हवेत तेथे चार-पाचांनी गाडा ओढायचा, आणि तोही चकमकींच्या टापूत व हिमरेषेवर. अधिकारी होण्याचा मार्ग पदवीधरांस बंद आहे, असेही नव्हे. छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत मिळविणाऱ्या आणि पदवीस निम्मे गुण असणाऱ्या उमेदवारास विशेष प्रवेश योजनेखाली लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. त्याला थेट सेवा निवड मंडळापुढे जाता येते. तेथे निवड झाल्यास चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवड्यांचे शिक्षण आणि नंतर दहा वर्षांचे, चार वर्षांनी वाढविता येण्याजोगे, कमिशन. डेहराडूनच्या अकादमीतही 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. ही वाट गेली अनेक वर्षे उघडी आहे. आमच्या किती विद्यार्थ्यांना ती ठाऊक आहे? जवानांच्या भरतीची २०२२ ची अग्निपथ योजना गावोगावी माहीत झाली. परंतु ती वेगळी आणि पदवीधराने अधिकारी होण्याची वाट वेगळी, एवढेही समजावून सांगणारे कोणी पुष्कळ महाविद्यालयांत नसते.

खरी अडचण पुढे आहे. सेवा निवड मंडळापुढील पाच दिवसांत उमेदवाराची कवाईत कोणी पाहत नाही. एकामागून एक शब्द दाखविले जातात, आणि प्रत्येक शब्दासरशी मनात आलेला विचार काही सेकंदांत लिहून काढायचा असतो. धूसर चित्रावरून गोष्ट रचायची असते. अनोळखी सात-आठ जणांबरोबर बसून एखाद्या अडचणीतून वाट काढण्याची योजना आखायची असते, आणि ती सर्वांना पटवूनही द्यायची असते. नंतर दीर्घ मुलाखत. बहुतांश व्यवहार इंग्रजीतून. सांगे-पेडण्याकडचा किंवा खानापूर-चंदगडकडचा मुलगा दमश्वासात, धैर्यात कोणाला हार जाणारा नसतो. पण चारचौघांत उभे राहून आपला विचार सुसंगतपणे मांडण्याची संधी त्याला बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणात किती वेळा मिळालेली असते? ती उणीव भरून काढण्यासाठी शहरांतून खासगी शिकवण्या निघाल्या आहेत आणि ज्याच्या वडिलांच्या खिशात पैसे आहेत तो त्यांना जातो. बाकीचे पहिल्याच दिवशीच्या चाळणीतून गळून परतीच्या गाडीत बसतात. जे काम महाविद्यालयाचे, ते शिकवणीवाल्यांनी करावे आणि महाविद्यालयाने संचलनाचे गुण वाटावेत, ही विपरीत विभागणी आम्हांस मान्य नाही.

अधिकारी होण्यास महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडलाच पाहिजे, असा मात्र आमचा दावा नाही. आपल्या शेजारच्या कारवारकडील रामा राघोबा राणे साधा सैनिक म्हणून भरती झाले, पायरी पायरीने अधिकारी बनले आणि १९४८ च्या एप्रिलात नौशेऱ्याच्या रस्त्यावरील सुरुंग व अडथळे दिवसरात्र दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करून दिल्याबद्दल परमवीरचक्राचे मानकरी ठरले. असे पुरुष कोणत्याही अभ्यासक्रमाने घडत नसतात. प्रश्न आहे तो दरवर्षी लागणाऱ्या शेकडो सामान्य, कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांचा.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, तेथील काँग्रेसने मॉरिल कायद्यान्वये प्रांतोप्रांती महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या. शेतकी आणि यंत्रविद्या यांबरोबर तेथे युद्धविद्याही शिकविली जावी, अशी अट त्याच कायद्यात होती. १९१६ च्या संरक्षण कायद्याने या शिक्षणाला राखीव अधिकारी प्रशिक्षण दलाचे, म्हणजे 'आर.ओ.टी.सी.'चे रूप आले. विद्यार्थी आपला इतिहास, भूगर्भशास्त्र वा अभियांत्रिकी शिकत असतो. त्याबरोबरच आठवड्यातील काही तास नकाशावाचन, लष्करी इतिहास, डावपेच, नेतृत्व आणि अधिकाऱ्याची नीती हे विषय तो रीतसर वर्गात बसून शिकतो. शिष्यवृत्ती घेतलेली नसेल तर पहिली दोन वर्षे त्याच्यावर कसलेच बंधन नसते. नंतरची दोन वर्षे करार करून, आणि पदवीच्या दिवशी कमिशन. वेस्ट पॉइंटचे नाव जगभर गाजते, पण अमेरिकन भूदलास अधिकारी पुरविण्याचा मोठा भार साध्यासुध्या विद्यापीठांतील ही पथकेच उचलतात. जमेकाहून आलेल्या कष्टकरी आईबापांचा मुलगा कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होता. तेथील पथकातून १९५८ मध्ये तो अधिकारी झाला आणि १९८९ मध्ये संयुक्त सेनाप्रमुखांचा अध्यक्ष.

आमच्याकडेही युद्धविद्या आणि पदवी यांची सांगड अपरिचित नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. म्हणजे सेनादलांना विद्यापीठाचा अभ्यास आपल्या अकादमीत आणता आला. विद्यापीठांना मात्र सेनेचा अभ्यास आपल्या आवारात नीट आणता आलेला नाही, हे वैषम्य नजरेत भरते. पुणे विद्यापीठासारख्या काही ठिकाणी संरक्षणशास्त्राचे विभाग आहेत. पण तेथील विद्यार्थी आणि मैदानावरचा छात्रसैनिक यांची गाठ क्वचितच पडते. एकाच्या हाती पुस्तक, दुसऱ्याच्या हाती बंदूक.

अभ्यास म्हणजे आम्हांस काय अभिप्रेत आहे, हे गोव्यापुरते बोलून स्पष्ट करतो. १९६१ च्या डिसेंबरातील गोवा मुक्तीची कारवाई आमच्या मुलांना १९ तारखेच्या ध्वजवंदनापुरती माहीत असते. छत्तीस तासांत सारे आटोपले, एवढे एक वाक्य पाठ असते. वस्तुतः युद्धविद्येच्या विद्यार्थ्यास इतका सोयीचा धडा दुसऱ्या कोणत्याही प्रांतात घराबाहेर पाऊल टाकताच मिळणार नाही. मुख्य कामगिरी मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनची होती. ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडकडे उत्तरेकडून साहाय्यक हालचाल करण्याचे काम होते. प्रत्यक्षात याच ब्रिगेडची एक तुकडी १८ च्या संध्याकाळी बेतीच्या किनाऱ्यावर येऊन ठेपली आणि १९ च्या सकाळी मांडवी ओलांडून पणजीत शिरली. दुय्यम काम सोपविलेला सेनानी मुख्य फौजेच्या आधी राजधानीत कसा पोहोचला? पोर्तुगीजांनी पूल उडविले असता नद्यानाल्यांच्या या मुलखात फौजेने वाट कशी काढली? आदेशाची चौकट आणि समोर उघडलेली संधी यांपैकी अधिकाऱ्याने काय मानावे? हे प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांना अस्नोड्यापासून बेतीपर्यंत नकाशा हाती देऊन चालवावे. एका दिवसात भूगोल, इतिहास आणि नेतृत्व यांचे जेवढे शिक्षण होईल तेवढे शंभर तासांच्या 'दाहिने मूड'ने होणार नाही.

त्याच कारवाईत अंजदीव बेटावर उतरताना आपल्या नौदलाचे सात जण कामी आले. अल्पावधीत जिंकलेल्या लढाईतही चूक किती महाग पडते, हे त्या बेटाकडे पाहून कळावे. आणि सर्वांत बिकट प्रश्न शत्रूच्या बाजूचा आहे. अखेरपर्यंत लढा, शरणागती पत्करू नका, असा लिस्बनहून सालाझार यांचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही. निरर्थक रक्तपात आणि शहराचा विध्वंस टाळून त्यांनी शरणागती दिली. त्याबद्दल त्यांना मायदेशी सेनेतून काढून टाकण्यात आले आणि १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली. आज पणजीत जुन्या इमारती उभ्या दिसतात, त्यांचे काही ऋण त्या हुकूमभंगाकडे जाते. सैनिकाने हुकूम पाळला पाहिजे, ही पहिली इयत्ता झाली. कोणता हुकूम पाळू नये, हे अधिकाऱ्यास कळले पाहिजे, आणि ते मैदानावर शिकविता येत नाही. त्यासाठी वर्ग लागतो, वाचन लागते, मतभेद सहन करणारा शिक्षक लागतो. विद्यापीठाचे श्रेयांक खर्चायचे तर यासाठी खर्चावेत.

महाविद्यालयांचे लष्करीकरण होईल, अशी भीती काही विचारवंत व्यक्त करतात. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतील कित्येक विद्यापीठांतून ही प्रशिक्षण पथके विद्यार्थ्यांच्या रोषास बळी पडली. केंट येथे १९७० च्या मे महिन्यात पथकाची इमारत जाळली गेली आणि दोनच दिवसांनी नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. हार्वर्डने दरवाजे लावून घेतले, ते २०११ मध्ये उघडले. पण ज्या विद्यापीठांनी पथके घालविली, त्यांनी युद्ध थांबविले नाही. सुखवस्तू, बहुश्रुत घरांतील मुले सैन्याच्या नेतृत्वातून वजा झाली, एवढेच झाले. लोकशाहीत सैन्य नागरी सत्तेच्या आज्ञेत असते. ती सत्ता चालविणारे उद्याचे आमदार, सनदी सेवक आणि, हो, संपादकही, आजच्या महाविद्यालयांतूनच निघणार. सैन्य म्हणजे काय, त्याला काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, हे त्यांनाही कळायला नको काय? दिवाणखान्यात बसून रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर युद्ध पुकारणाऱ्यांची संख्या पाहता, लष्करी विषयांच्या अज्ञानाचा धोका ज्ञानाच्या धोक्याहून आम्हांस मोठा वाटतो. उत्तम अभ्यासक्रम घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांपैकी पाच जण गणवेश चढवतील. उरलेल्या पंच्याण्णवांचा अभ्यास वाया जाणार नाही, एवढा मात्र तो अभ्यास हवा.

शिकविणार कोण, ही व्यावहारिक अडचण आहे. छात्रसेनेचा भार आज महाविद्यालयातील एखादा मराठीचा, वाणिज्याचा किंवा रसायनशास्त्राचा प्राध्यापक वाहतो. त्याला कामठीस, बाईंना ग्वाल्हेरला प्रशिक्षणासाठी धाडले जाते. आपले तास, पेपर तपासणी आणि शिबिरे यांत त्यांची वर्षे सरतात, आणि यांतील कित्येकांनी केलेले काम पगाराच्या मापाने मोजता येणारे नाही. परंतु त्यांनीच लष्करी इतिहासही शिकवावा, ही अपेक्षा अन्यायाची होईल. गोवा आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी निवृत्त सेनाधिकारी मोठ्या संख्येने स्थायिक आहेत. बेळगाव तर मराठा लाइट इन्फंट्रीचे माहेरघर. यांतील व्यासंगी मंडळींना मानधनावर व्याख्याते म्हणून बोलावण्यास विद्यापीठाच्या नियमांत कोठे आडकाठी येत असेल, तर ती दूर करावी. आठवणी सांगणारे नव्हे, शिकविणारे निवडावेत, एवढी काळजी घ्यावी लागेल.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर संरक्षण प्रबोधिनीची दारे त्यांना उघडली आणि २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या सतरा जणी तेथून बाहेर पडल्या. परंतु छात्रसेनेच्या विशेष प्रवेश योजनेत मुलांसाठी पन्नास ते सत्तर जागा असताना मुलींच्या जागा अद्याप हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. आमच्या महाविद्यालयांतून छात्रसेनेत दिसणाऱ्या मुलींचा उत्साह पाहिला, की हे प्रमाण किती काळ समर्थनीय ठरेल असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर दिल्लीने द्यायचे आहे.

गोव्याने द्यायचे उत्तर मात्र गोव्यातच आहे. बेतीशेजारच्या वेरे येथे, आय.एन.एस. मांडवीच्या आवारात, १९८६ पासून २००९ मध्ये एझिमलास हलेपर्यंत नौदलाची अकादमी नांदत होती. तब्बल तेवीस वर्षे देशाच्या नौदलाचे अधिकारी मांडवीच्या पैलतीरी घडत होते. त्या काळात आमच्या महाविद्यालयांनी तेथील ग्रंथालयाशी, शिक्षकांशी काही नाते जोडले असते तर आज निराळे चित्र दिसले असते. दर्यावर्दी परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या या भूमीतील मुले परदेशी जहाजांवर चाकरी पत्करतात, त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी वाट त्यांना कोणी दाखविलीच नाही. जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्स हे मूळचे गोमंतकीय १९९० मध्ये भूसेनाप्रमुख झाले, हेही अनेकांस सांगावे लागते.

अकादमी गेली, पण त्याच जागी २०११ पासून नौदलाचे युद्ध महाविद्यालय आहे. ज्येष्ठ अधिकारी तेथे सागरी रणनीतीचा अभ्यास करतात. छात्रसेनेच्या अभ्यासक्रमाचा आराखडा करताना विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने या संस्थेचा सल्ला घ्यावा, वर्षाकाठी सहा-आठ व्याख्याने मागावीत, आणि परीक्षेत संचलनाइतकेच महत्त्व लेखी उत्तराला, निबंधाला व चर्चेला द्यावे, अशी आमची सूचना आहे. ग्रंथालयातील लष्करी इतिहासाचे कपाटही यानिमित्ताने एकदा उघडून पाहावे. पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. तेथून वेरे हाकेच्या अंतरावर आहे. पुढील शैक्षणिक वर्षाचे परिपत्रक निघण्यापूर्वी कोणीतरी ती फेरी धरावी.